पट्ट्यावरची जाळी

भात सडणारं यंत्र माणसाचा हात ओढून नेऊ शकतं, ही गोष्ट पालघर-वाड्याकडच्या घरांना फार जुनी नाही. घरात घिरट होतं तोवर तसा प्रश्नच नव्हता. घिरट म्हणजे भात भरडायचं लाकडाचं किंवा मातीचं मोठं जातं. त्यातून तूस सुटलं की तांदूळ उखळात घालून मुसळाने सडायचा. हे काम बायकांचं, आणि सोपं अजिबात नव्हतं. कंबर मोडायची, खांदे भरून यायचे, तळहाताला घट्टे पडायचे, मुसळ पायावर पडून नख जायचं. तरी घिरट फिरवणारी बाई थांबली की घिरट थांबायचं. बोट चेपलं तर तिच्याच जोराने चेपायचं, आणि तोंडून ‘आई गं’ निघेपर्यंत तो जोर संपलेला असायचा. इंजिनाला ‘आई गं’ ऐकू येत नाही.

हा मागोवा आहे एका जाळीचा. इंजिन किंवा मोटर आणि गिरणी यांना जोडणाऱ्या पट्ट्यावर बसवायची लोखंडी जाळी, नाहीतर पत्र्याचं झाकण. कारखान्यात तिला सगळे गार्ड म्हणतात. बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्याला गार्ड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिथून तासाभराच्या रस्त्यावरच्या गावगिरणीत मात्र ती कधी नसतेच, कधी असते पण भिंतीला टेकवून ठेवलेली. याचं कारण गिरणीवाल्याच्या हलगर्जीपणात शोधायची आपल्याला सवय आहे. मला ते पावणेदोनशे वर्षांच्या कायद्यांत जास्त सापडतं. कायदे माणसं मोजत आले. पट्टा किती वेगाने फिरतो, हे त्यांनी क्वचितच मोजलं.

आधी यंत्र समजून घेऊ. गावच्या भातगिरणीत असतो तो हलर. ओतीव लोखंडाचं आडवं पिंप, आत उंचवटे काढलेला रूळ, खाली भोकांची चाळणी, बाजूला एक पोलादी पातं. वरच्या हॉपरातून भात पडतो, रूळ त्याला चाळणीवर आणि पात्यावर घासत पुढे ढकलतो. कोंडा आणि तूस खाली गळतं, तांदूळ दुसऱ्या टोकाने बाहेर येतो. मूळ आराखडा ब्राझीलच्या एव्हारिस्तो कोनराडो एंगेलबर्ग यांचा. 1880च्या दशकात त्यांनी तो कॉफीच्या बियांची टरफलं काढायला केला. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथल्या कंपनीने तो बनवून जगभर विकला, आणि भाताच्या देशांनी तो असा उचलला की कॉफीची आठवणही राहिली नाही. यंत्र साधं, दणकट, गावच्या लोहारालाही उघडता येईल असं. तांदूळ मोडतो आणि कणी फार पडते, ही एकच तक्रार, ती आजही आहे.

हलरच्या पोटात हात जायचा संभव तसा कमी. हात जातो तो पट्ट्यात. जुन्या गिरणीत इंजिन एका कोपऱ्यात, हलर दुसऱ्या, आणि मधे कमरेच्या उंचीवर आठ-दहा फुटांचा कॅनव्हासचा सपाट पट्टा धावतो. पट्टा आणि पुली जिथे एकमेकांना भिडतात ती फट खरी धोक्याची. फूटभर व्यासाची पुली मिनिटाला 700 फेरे घेत असेल, तर पट्टा सेकंदाला सुमारे 11 मीटर जातो. बोटाला काहीतरी लागलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात पट्टा पावणेतीन मीटर पुढे गेलेला असतो. ‘लक्ष नव्हतं’ असं आपण म्हणतो तेव्हा हा हिशेब विसरतो. लक्ष असूनही हात काढता येत नाही.

आणि हात तिथे जातो तरी कशाला? कामच तसं आहे म्हणून. पावसाळी हवेत पट्टा घसरायला लागतो, मग चालत्या पट्ट्यावर राळ धरावी लागते, म्हणजे तो पुलीला पकडतो. पट्टा उतरला तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करायचा कंटाळा, म्हणून फिरत्या पुलीवर तो काठीने किंवा थेट हाताने चढवला जातो. दोन टोकं जोडणाऱ्या लोखंडी कड्या वर आलेल्या असतात, त्यात टॉवेलाचं टोक, पदर, ओढणी अडकते. हळव्या भाताची कापणी दसऱ्याच्या सुमारास, गरव्याची त्यानंतर. या दिवसांत गिरणीत गोण्यांची रांग लागते, आणि भात घेऊन आलेली माणसंही पट्ट्याच्या आसपासच उभी असतात. गिरणी म्हणजे बसायची, बोलायची जागा. लहान पोरंही तिथेच.

विजेची मोटर आली तेव्हा एक धोका गेला आणि दुसरा आला. इंजिनाचं हँडल मारताना उलटा झटका बसून मनगट मोडायचं, ते थांबलं. पण महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं आली तशी एक नवीच भानगड सुरू झाली. वीज गेली, यंत्र थांबलं, म्हणून माणूस चाळणीत अडकलेला भात बोटाने काढायला बसतो आणि वीज परत येते. चांगल्या स्टार्टरमध्ये वीज गेली की संपर्क सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय मोटर पुन्हा फिरत नाही. ही सोय खास यासाठीच. मात्र रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर शेतातला पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून लोकांनी ऑटो स्विच लावायला सुरुवात केली. पंपासाठी ते ठीक. तीच युक्ती गिरणीच्या मोटरला लावली, तर काय होईल हे सांगायला नको.

माणसाचा हात आणि फिरता रूळ यांचं वैर हलरपेक्षा कितीतरी जुनं आहे. सतराव्या-अठराव्या शतकात जमैका, बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवर गुलामांकडून ऊस गाळून घेत. तीन उभ्या रुळांचे चरक वाऱ्यावर, पाण्यावर किंवा जनावरांवर चालत. ऊस आत सारणाऱ्या बाईची बोटं रुळात गेली की पाठोपाठ हात जायचा, आणि पवनचक्की काही लगेच थांबत नाही. म्हणून चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, खांद्यापर्यंत जायच्या आत हात तोडून टाकायला. मळेवाल्यांच्या लेखी ती चरकाच्या सामानापैकीच एक. आज यंत्रावर जे मोठं लाल बटण असतं, त्याचा पूर्वज ही कुऱ्हाड. आपल्याकडे लोखंडी रुळांचा चरक 1870च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथून पसरला. बैलावर चालणारा होता, म्हणून बैल हाकणाऱ्याने ‘हो’ म्हटलं की थांबायचा. आता अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या आसपास उन्हाळ्यात रसवंत्या लागतात, त्यातला चरक मोटरवर असतो आणि ऊस सारणारा हात तोच.

यंत्राला कुंपण घालायची सक्ती पहिल्यांदा कायद्यात आली ती इंग्लंडमध्ये, 1844च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात. गिरण्यांचे दांडे, पट्टे, चाकं झाकायची, आणि बायका-पोरांनी चालतं यंत्र पुसायचं नाही. मालकांना हे रुचलं नाही. सात फुटांपेक्षा उंचावरून जाणारा दांडा कशाला झाकायचा, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी 1855मध्ये मँचेस्टरात संघटना काढून पैसे जमवले. चार्ल्स डिकन्स आपल्या साप्ताहिकातून त्यांच्यावर तुटून पडला. माणसांच्या चिंधड्या करणाऱ्यांचा संघ, अशा अर्थाचं नाव त्याने त्यांना ठेवलं. हॅरिएट मार्टिनोसारखी सुधारक लेखिका मात्र मालकांच्या बाजूने उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी कायदा ढिला झाला. सात फुटांचा तो वाद आज हास्यास्पद वाटतो, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. जाळी लोखंडाची असली तरी ती बसते की नाही हे सभागृहात ठरतं.

मुंबईत 1854 पासून कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या. त्यांच्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्याचा मसुदा केला, खटपट केली, आणि 1881मध्ये हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा आला. धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायचं कलम त्यात होतं. पण कारखाना कशाला म्हणायचं? जिथे यंत्रशक्ती आहे आणि शंभर माणसं आहेत, त्याला. शिवाय वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारी जागा कायद्याबाहेर. शेतमालावर प्रक्रिया करणारी बहुतेक यंत्रं या दुसऱ्या अटीतून सुटली, कारण शेतमाल हंगामीच असतो. खानदेशातले कापसातून सरकी काढणारे जिन हे त्याचं ठळक उदाहरण. इंग्लंडहून आणलेला निरीक्षक मीड-किंग याने आणि पाठोपाठ कारखान्यांची चौकशी करणाऱ्या 1884-85च्या मुलॉक आयोगाने जे पाहिलं आणि ऐकलं, त्यात हंगामात रात्रंदिवस जिनवर बसणाऱ्या बायका होत्या. झोप अनावर झालेली बाई आणि फिरता रूळ एवढंच तिथे पुरेसं होतं.

जिनच्या रचनेतला खरा धोका डोळ्याला दिसतही नसे. जिनची यंत्रं वर ओट्यावर रांगेत, आणि त्यांना फिरवणारा लांबलचक दांडा खाली बोळात. सरकी खाली पडते, ती भरायला माणूस वाकून त्या बोळात शिरतो. पुढे कारखान्यांच्या नियमांत कापसाच्या जिनसाठी स्वतंत्र परिशिष्टच आलं: तो खालचा दांडा सलग भिंतीने किंवा चढता न येणाऱ्या कुंपणाने बंद करायचा, सरकी काढायला आणि तेल द्यायला जेवढी दारं लागतात तेवढीच ठेवायची, ती कुलपात. इतकं बारकाईने लिहिलेलं कलम वाचलं की त्यामागे किती जणांचे हात गेले असतील याचा अंदाज येतो.

या सगळ्यात मराठी कामगाराच्या बाजूने पहिला नेमका शब्द आला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडून. लोखंडे ठाण्यात जन्मलेले, म्हणजे पालघर ज्या जिल्ह्यात 2014च्या ऑगस्टपर्यंत होता त्याच ठाण्याचे. सप्टेंबर 1884मध्ये परळच्या सभेत त्यांनी गिरणीकामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, कारण ती 1890च्या जून महिन्यात मिळाली आणि आजही आपण तिच्यावर जगतो. त्याच यादीत दुखापतीची मागणीही होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय. ही मागणी लोकांच्या लक्षात राहिली नाही. राहायला हवी होती, कारण तिला कायद्याचं रूप यायला आणखी चाळीस वर्षं गेली. 1923चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924ला लागू झाला.

दरम्यान माणसं मोजणं चालूच होतं. 1891मध्ये शंभराचे पन्नास झाले, 1922मध्ये वीस. 1934मध्ये हंगामी कारखाना हा वेगळा वर्ग झाला. बारमाही कारखान्यात आठवड्याला 54 तास, जिनसारख्या हंगामीत 60. म्हणजे हंगामी कामगार जास्त थकला तरी चालेल. स्वातंत्र्यानंतर 1948च्या कायद्याने हंगामी-बारमाही भेद काढला आणि यंत्रशक्ती असेल तर दहा माणसांवर कारखाना ठरवला. त्यातलं कलम 21 म्हणजे कुंपण. कलम 22 तर वाचण्यासारखं आहे. चालत्या यंत्राजवळ जायचंच असेल, तर खास शिकवलेला प्रौढ पुरुष कामगार, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेला. पदर, धोतराचा सोगा, खांद्यावरचा टॉवेल, सगळं त्या एका ओळीत कायद्याने बाहेर काढलं. कलम 24 म्हणत होतं, पट्टा चालत्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकवायची दांडी हवी, म्हणजे तो हाताने चढवावा लागणार नाही. गावगिरणीतला प्रत्येक अपघात या तीन कलमांत आधीच लिहून ठेवलेला आहे. फक्त गावगिरणीत माणसं दोन. मालक आणि गोणी उचलणारा.

हलर गावात आला तो तेल-इंजिनाच्या जोरावर. साताऱ्याच्या कूपरचं इंजिन, पुढे पुण्याच्या किर्लोस्करचं, ही नावं जुन्या गिरणीवाल्यांच्या तोंडात घरच्या माणसांसारखी असतात. किर्लोस्करांचा इथे आणखी एक धागा आहे. लक्ष्मणरावांनी बेळगावात सुरुवातीला जी यंत्रं केली त्यांत लोखंडी नांगराच्या आधी कडबा कापायचं यंत्र होतं. मोठं चाक, त्याला पाती, एका हाताने फिरवायचं आणि दुसऱ्याने कडबा सारायचा. हाताने फिरत होतं तोवर पातं सारणाऱ्या हाताच्या मर्जीत होतं. या यंत्राला मोटर लागली तेव्हा ती मर्जी संपली, आणि सारणारा हात मात्र पात्यापासून तेवढ्याच अंतरावर राहिला.

हलरकडे कोणी लक्ष दिलं नाही असं मात्र नाही. उलट फार मोठ्या माणसांनी दिलं. गांधीजींनी 1934च्या डिसेंबरात वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा हातसडीचा तांदूळ हा त्यातला अग्रक्रमाचा विषय होता. गिरणीचा तांदूळ कोंडा गमावतो, आणि कांडपावर जगणाऱ्या बायकांचं काम जातं, हे त्यांचे दोन आक्षेप. दोन्ही रास्त. त्याच विचारातून 1958चा भातगिरणी नियमन कायदा आला. नवीन गिरणीला परवाना देताना काय पाहायचं, याची त्यात यादी आहे: परिसरात गिरण्या किती, भात किती मिळतो, वीज-पाणी आहे का, हलर की नुसतं तूस काढणारा शेलर, गिरणीमुळे किती लोक बेकार होतील. चाळीसएक वर्षं गावातल्या प्रत्येक हलरला सरकारी परवाना लागत होता, म्हणजे सरकार त्याच्या दारापर्यंत जात होतं. पण त्या यादीत पट्टा नाही. 1997मध्ये कायदाच रद्द झाला. परवान्याच्या त्या अर्जात ‘पट्टा झाकलेला आहे काय’ एवढी एक ओळ असती, तर ती निरीक्षकाने खरोखर तपासली असती की नाही हा वेगळा प्रश्न. पण विचारलं तरी गेलं असतं.

पालघरच्या या भागाच्या इतिहासात काय मोजलं जात होतं, हे पाहिलं की तो विसर नवलाचा वाटत नाही. 1945च्या वारली उठावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या मागे उभ्या राहिलेल्या आदिवासींची एक मागणी होती, 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. मुंबईच्या तबेल्यांसाठी या भागातलं गवत गाठी दाबून जायचं. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारला गेला. वेठ आणि मजुरी हेच इतके मोठे प्रश्न होते की तोपर्यंत कोणाच्या बोटांचा हिशेब करायची पाळीच आली नव्हती.

बोटांचा हिशेब 1923च्या कायद्याने केला, आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. परिशिष्टात प्रत्येक पेराला टक्के लावलेत. अलीकडच्या तक्त्यात आख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के गेली. मधलं बोट 12. अनामिका किंवा करंगळी 7. अंगठा 30. एका हाताची चारही बोटं 50. हाड न जाता नुसतं टोक कापलं तर तर्जनीला 5, करंगळीला 2. मग महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले हे टक्के. पंचविशीतल्या, महिना 15,000 पगाराच्या कामगाराची तर्जनी गेली तर साधारण 2 लाख 73 हजार रुपये होतात.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. भरपाईच्या कायद्यात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेसाठी दहा माणसांची अट नाही. दोन माणसांच्या गिरणीतल्या हमालालाही ती लागू पडते. म्हणजे जाळी लावायचा कायदा गावगिरणीच्या उंबऱ्याशी थांबतो आणि बोटाची किंमत देणारा कायदा आत जातो. अर्थात, आत जातो तो कागदावर. कामावर असल्याचा पुरावा नाही, पगाराची पावती नाही, गिरणीवाला भावकीतला, आणि दावा दाखल करायचा सरकारी अधिकाऱ्यासमोर. भात घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचा हात गेला तर तो कामगारच नाही. खुद्द गिरणीवाल्याचा गेला तर तो मालक. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, एक अवयव निकामी झाला तर एक लाख, मृत्यू किंवा दोन अवयवांसाठी दोन लाख. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या मजुराला तिचा उपयोग नाही.

माणसं न मोजता यंत्र मोजणारा कायदा आपल्याकडे झाला, आणि तो मळणी यंत्रामुळे. हरित क्रांतीत पंजाब-हरियाणात गव्हाची मळणी यंत्रावर गेली आणि काही वर्षांत हात गेलेल्या मजुरांची संख्या इतकी वाढली की ती नजरेआड करता येईना. त्यातून 1983चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आला. तो जातो थेट यंत्र बनवणाऱ्याकडे. त्याआधी 1979मध्ये भारतीय मानक आलं होतं, आय.एस. 9020. त्यातली युक्ती साधी आहे. पेंढी सारायची जी नळी असते ती किमान 900 मिलिमीटर लांब हवी, आणि ड्रमकडची 450 मिलिमीटर वरून झाकलेली. माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत त्या 900 मिलिमीटरहून आखूड असतो. मजूर दमलेला असो, झोपेत असो, प्यायलेला असो, हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट हीच आहे, कारण ती माणसाला उपदेश करत नाही. मळणी यंत्र बनवणारे पुष्कळजण ती नळी आखूड ठेवत राहिले, कारण आखूड नळीत काम भराभर होतं आणि गिऱ्हाईक तेच मागतं. तरी निदान मोजपट्टी लावून ‘हे चूक’ म्हणता येतं. हलरच्या वाट्याला तसा कायदा आला नाही.

आता तारापूर. पालघर, डहाणू, विक्रमगड, तलासरीची पोरं डहाणू लोकलने, एसटीने, टेम्पोने बोईसरला उतरतात आणि पाळीवर जातात. वर्तमानपत्रांना तारापूर आठवतं ते स्फोटाच्या दिवशी. 2018चा मार्च, 2020चा जानेवारी. एका रात्रीत आठ माणसं गेली की मंत्री येतात. सूतगिरणीच्या रोलरमध्ये गेलेली दोन बोटं बातमी होत नाहीत. तरीही तिथे निरीक्षक आहे, अपघाताची नोंद आहे, झाकण उघडलं की मशीन बंद पाडणारा इंटरलॉक आहे. तो तार जोडून निकामी केलेलाही सापडतो, पण निकामी करायला तो आधी बसवलेला असावा लागतो. आणि हीच पोरं भाताच्या हंगामात गावी जाऊन गिरणीच्या उघड्या पट्ट्याशेजारी उभी राहतात. त्यांना धोका कळत नाही असं म्हणायची सोय नाही. आठवड्यात सहा दिवस ती गार्डच्या आत काम करतात.

बोट तुटलं तर काय करायचं, हेही दोन्हीकडे सारखंच माहीत असायला हवं. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. थेट बर्फात टाकलं तर ते मरतं. नीट थंड ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडता येऊ शकतं. मनगटाच्या वरचा, स्नायू असलेला भाग मात्र सहाएक तासच टिकतो. मोखाड्याहून मुंबई, तलासरीहून वलसाड किंवा सिल्वासा, या रस्त्यांचं गणित त्या सहा तासांत बसवायचं असतं.

माणसं मोजायची रेघ शंभरावरून दहापर्यंत उतरत आली होती. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती पुन्हा वीसवर नेली, आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. म्हणजे वाडा-कुडूसकडच्या दहा-पंधरा माणसांच्या भातगिरण्या, ज्यांत शेलरचे उलट फिरणारे दोन रबरी रूळ आहेत, भात वर नेणारे बादल्यांचे पट्टे आहेत, कारखान्याच्या व्याख्येतून सुटायची वाट मोकळी झाली. वाडा कोलमला 2021मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला भाव यावा म्हणून तो गावातच सडून, पिशवीत भरून विकायला हवा हे सगळे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे गिरण्या वाढणार, छोट्या वाढणार, आणि सगळ्या रेघेच्या खाली असणार.

त्यांतल्या पुष्कळ आता बचत गटांच्या मिनी राईस मिल आहेत. दोन-तीन अश्वशक्तीची मोटर, आखूड व्ही-पट्टा, आणि त्याच्यावर पत्र्याचं झाकण, बनवणाऱ्यानेच बसवलेलं. हा मोठा फरक आहे, आणि घिरट फिरवणाऱ्या बायकांच्या नाती आता मोटरचं बटण दाबतात, तेव्हा तो त्यांच्याच उपयोगाचा. पण झाकण चार बोल्टांवर असतं. पट्टा महिन्या-दोन महिन्यांनी ताणावा लागतो. पहिल्या वेळी चारही बोल्ट काढतात आणि चारही परत लावतात. पुढे दोनच लावतात. मग पाना सापडत नाही. याला उपदेश नको, बिजागरी हवी. झाकण बिजागरीवर उघडणारं, एका खिटीवर बंद होणारं, आणि त्याच्या आत एक छोटा स्विच, झाकण उघडं असेल तर मोटर न फिरू देणारा. बोईसरच्या कुठल्याही फिटरला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. अनुदानावर मिल देताना कागदावर अश्वशक्ती लिहितात, ताशी किती किलो ते लिहितात. तिथेच ‘बिजागरीचं झाकण’ असंही लिहिता येईल.